गळ्याची एम.बी.: डिसेंबर ते पाडवा

१५ डिसेंबर २०२४, रविवार

दरवर्षी ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहातून परतताना, रिक्षा समाधीच्या हजिरा भागातून बाहेर पडेपर्यंत, माझं गाणं पुन्हा सुरू झालेलं असतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते बंद पडतं. यंदा समारोहाचं शंभरावं वर्ष, म्हणून निश्चयही जरा मोठ्या आवाजात झाला. शाली गुंडाळून मागच्या रांगेत बसलो होतो. आई (सासूबाई, वय ७८) आलाप चालू असताना शेजारणीला सांगत होत्या, "आमची सूनही गायची." "गायची" हा शब्द घरी येईपर्यंत कानात राहिला.

समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो म्हणतात. अकरावीत असताना मी मूठभर खाल्ला होता. दात आंबले, बाकी काही झालं नाही.

१७ डिसेंबर

२०२४ ची डायरी काढली. पहिल्या पानावर संकल्प: रोज ४५ मिनिटं रियाज. वर्षात दहा राग. आठ किलो वजन कमी. साखर बंद. फूलबागेत रोज फिरणे. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. कपाटं आवरणे. कमी चिडणे.

आठांपैकी एक झालं, गुडघा. तेही डॉक्टरांनी तारीख दिली म्हणून.

मी उपयंत्री (सब-इंजिनीअर) आहे. सव्वीस वर्षं पाइपलाइनच्या कामांची मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम.बी., भरते आहे. असा कार्यक्रम एखाद्या ठेकेदाराने आणून दिला असता तर मी तो टेबलावरूनच परत केला असता. "कमी चिडणे" याचं युनिट काय? नग की रनिंग मीटर? "दहा राग" म्हणजे आरोह-अवरोह म्हणता येणं की अर्धा तास मांडता येणं? आणि रोजची ४५ मिनिटं कुठल्या वेळातून काढायची, याचा विचार डायरीत कुठेच नाही. दुसऱ्याच्या कामात हे मला दोन मिनिटांत दिसतं. स्वतःच्या कामात १ जानेवारीला काय होतं कोण जाणे.

म्हणून यंदा संकल्प नाही, एम.बी. एम.बी.चा कायदा साधा: जागेवर जाऊन जे मोजलं तेवढंच लिहायचं. खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारून वर सही, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वजन, साखर, कपाटं या पुस्तिकेत नाहीत. एका पुस्तिकेत एकच काम.

१८ डिसेंबर

पहिलं मोजमाप. सकाळी ५:५०, मागची खोली, रजई पायावर, फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप. पूर्वी पेटीच्या काळी पाच पट्टीत गायचे. ती लागलीच नाही, काळी चारवर उतरले. सा एका दमात किती टिकतो ते स्टॉपवॉच लावून पाहिलं: ९ सेकंद. दुसऱ्यांदा ८. शेवटच्या दोन सेकंदांत तो सा म्हणण्यासारखा नव्हता, पण आवाज होता म्हणून धरला.

दहा दिवस लक्ष्य काहीच ठेवायचं नाही. जमेल तसं बसायचं आणि मिनिटं लिहायची. कामाआधी जमिनीची पातळी घेतात, तसं.

२८ डिसेंबर, शनिवार

दहा दिवसांची मिनिटं, १८ ते २७: २२, ०, १४, ९, ३१, ०, १२, ०, ८, १५. एकूण १११.

पहिल्या दिवशीचे २२ नव्या वहीचे. ३१ रविवारचे. ते दोन सोडले तर बसलेल्या दिवसांची सरासरी साडेअकरा-बारा. दहातले तीन दिवस शून्य. त्यातला एक सुट्टीचा, २५ तारखेचा. सुट्टी म्हणजे भरपूर वेळ अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्या दिवशी नणंद, तिचे दीर-जाऊ आणि दोन वेळचा स्वयंपाक.

यावरून दर निघाला: दिवसाला १२ मिनिटं, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे तास. काम १ जानेवारी ते पाडवा (३० मार्च). जानेवारी-फेब्रुवारीचे सुमारे साडेआठ आठवडे, ५०० मिनिटं. मार्चमध्ये बिलं आणि वर्षअखेर. सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाला मार्चबद्दल वेगळं सांगायला नको. तिथे आठवड्याला दोनच दिवस धरले, म्हणजे १०० मिनिटं. एकूण ६००.

तीन महिन्यांत दहा तास.

आकडा पाहून बराच वेळ नुसती बसून राहिले. डायरीतल्या हिशेबाने, रोज ४५ मिनिटांनी, हेच ६७ तास झाले असते. म्हणजे मी दरवर्षी स्वतःला साडेसहापट इस्टिमेट देत होते आणि काम अपुरं राहिलं की दोष गळ्याला.

मुलीला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "दहा तास? आई, एवढ्यात माझी एक वेब सिरीज होते."

२९ डिसेंबर, रविवार

दौलतगंजला ताईंकडे, ज्यांच्याकडे गाणं शिकले. वय ८१, अजून रोज सकाळी खर्ज लावतात. वीस वर्षांनी गेले होते, पायऱ्या चढताना पोटात गोळा. त्यांना वाटलं लग्नाचं आमंत्रण घेऊन आले.

सरळ विचारलं, दहा तासांत काय होईल? माझी अपेक्षा होती त्या हसतील. त्यांनी बोटांवर मोजलं. "भूप राग. विलंबित, तिलवाडा ताल. स्थायी-अंतरा. बढत नाही, ताना नाही. आमच्याकडे आधी स्थायी-अंतरा पुरता भरायचा, मग पुढचं. तेवढंच कर, पण सम चुकायला नको."

ग्वाल्हेरची ही शिस्त मला नेमकी हवी तशी आहे: आधी बंदिशीचे दोन्ही भाग अख्खे, मग विस्तार. ताईंनी ते घराण्याची रीत म्हणून सांगितलं, मी कामाची व्याप्ती म्हणून लिहून घेतलं.

घरी येऊन हिशेब केला. अ‍ॅपमध्ये मला झेपेल त्या लयीत तिलवाड्याच्या सोळा मात्रांचं एक आवर्तन ३६ सेकंदांचं होतं. बारा मिनिटांत वीस आवर्तनं, म्हणजे वीसदा सम, आवर्तनाची पहिली मात्रा. हे बरं वाटलं. "रियाज करायचा" यापेक्षा "वीस वेळा समेवर यायचं" हे हाताला लागतं.

तंबोरा: अण्णांचा (सासरे), मिरजेचा, पंधरा वर्षं कपाटावर. दोन तारा गेलेल्या, जवारी, म्हणजे तारेची गुंज, बसलेली. बाड्यामागच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकामागच्या, एका कारागिराकडे दिला. ३१ ला मिळेल म्हणाले. बाब क्र. २: तंबोऱ्यावर सुरुवात, १ जानेवारी.

१ जानेवारी २०२५, बुधवार

तंबोरा नाही. १२ मिनिटं, अ‍ॅपवर.

मुलीचा मेसेज: २१ दिवस सलग केलं की सवय लागते. हे २१ मी वर्षानुवर्षं ऐकते आहे, म्हणून आज शोधलं. मूळ निघालं १९६० च्या एका पुस्तकात. लेखक प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात, असं त्याचं निरीक्षण. त्यातलं "किमान" वाटेत गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सगळंच आलं.

प्रत्यक्ष मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी, २००९ मध्ये छापलं. ९६ माणसं, बारा आठवडे, प्रत्येकाने रोज करायची एकच गोष्ट निवडली: जेवणाबरोबर फळ, रात्रीच्या जेवणाआधी पळणं, अशा. ती आपोआप व्हायला लागेपर्यंत मधला आकडा ६६ दिवस, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे अंदाजाने पुढे काढलेले). मला आवडलं ते वेगळंच: मधे एखादा दिवस चुकला तर पुढच्या घडणीवर फारसा परिणाम दिसला नाही. मुलीला एवढंच पाठवलं.

५ जानेवारी, रविवार

तंबोरा नाही. "मॅडम, संक्रांतीनंतर." बाब क्र. २ वर रेघ मारली, सही केली. दुसऱ्याच्या हातातलं काम माझ्या तारखेत मी घातलंच कसं? ऑफिसात यासाठी मी लोकांना पत्रं लिहिते.

२६ मिनिटं. सा ११ सेकंद.

९ जानेवारी

कोहरा. खिडकीतून समोरची टाकी दिसत नाही. पाच मिनिटं गळा तापायलाच गेली. ७ मिनिटं धरली. ऊब येण्याचा वेळ धरायचा का यावर स्वतःशी वाद घातला, धरायचा नाही. खोदलेल्या मातीचे पैसे मिळतात, कुदळ शोधण्याचे नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

कालपासून घसा बसला. ०. गजक आली, दाल बाजारातून. आमच्याकडे तिळगूळ घ्या म्हणतात आणि हातात गजक ठेवतात. गोड बोलायला आवाजच नाही.

१५ ते २२ जानेवारी

०. ०. ०. ०. ०. ०. ०. ०.

डॉक्टर म्हणाले कुजबुजूही नका, त्याने घशावर जास्त ताण येतो. ऑफिसात चिठ्ठ्या लिहून कामं सांगितली. "कमी चिडणे" या बाबीत अनपेक्षित प्रगती.

२३ जानेवारी, गुरुवार

तंबोरा आला. यावर सविस्तर लिहिते, कारण आज दुसरं काही झालं नाही.

कारागिराने दुकानातच बसवून दाखवलं. घोडी (तारा टेकतात ती पट्टी) घासून तिचा वरचा पृष्ठभाग पुन्हा वळवला होता. नवी तार लावून त्यांनी छेडली, तर आवाज कोरडा, डब्यावर काडी मारल्यासारखा. मग सुती दोऱ्याचा बोटभर तुकडा तारेखाली, घोडीवर सरकवला. छेडत राहिले आणि नखाने दोरा केसाएवढा पुढे ढकलला. काही नाही. आणखी केसभर. आणि तार एकदम उघडली, तिच्या पोटात दुसरी तार असावी तशी. आणखी ढकलला तर पुन्हा बंद. "जागा एकच असते. पण सारखी तिथे राहत नाही. थंडीत सरकते, पुन्हा शोधायची."

घरी आणून मी शोधली. चार तारा, चार दोरे, मणके वर-खाली, खुंटी घसरली की पहिल्यापासून. आईंनी आतून दोनदा "जोड उतरलेली आहे", म्हणजे मधल्या दोन तारा बेसूर, असं कळवलं. एकूण ३५ मिनिटं, गायन ०.

उद्यापासून हातात १२ मिनिटं आणि तंबोरा जुळवायला, सरावाने सुद्धा, सहा-सात. म्हणजे अर्धं काम पूर्वतयारीत. हे मान्य करायला जड गेलं. तीन आठवडे ज्याची वाट पाहिली तो तंबोरा कामाच्या दिवशी वापरता येणार नाही. ठरलं: सोम ते शनि अ‍ॅप, रविवारी तंबोरा.

२४ जानेवारी

१२ मिनिटं. सा ७ सेकंद. घसा दहाच दिवस बसला होता, गळा मात्र महिना मागे गेला.

संध्याकाळी हे म्हणाले, "दहा दिवस बुडाले ना? आता रोज पंचवीस कर, भरून निघेल." सरळ हिशेब. पण डायरीतला रियाज मी दरवर्षी असाच बुडवला आहे: दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी ४५ चे १३५, आणि १३५ ला कोण बसतं?

आज साइटवर तिघऱ्याला होते, सांडव्याजवळ. शहराला पाणी पाजणारा हा सांक नदीवरचा बांध १९१७ मध्ये एकदा फुटला होता, हे इथल्या पाण्याच्या खात्यातल्या प्रत्येकाला नोकरी लागताच कोणी ना कोणी ऐकवतं. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये जी स्वयंचलित दारं बसवली, तशीच पुढे इथेही बसवली. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की दार आपणहून उघडायचं, उतरलं की मिटायचं. जास्तीचं पाणी कोणी उद्यासाठी भिंतीवर रचून ठेवत नाही.

एम.बी.त नवी टीप: चुकलेली मिनिटं सांडव्यावरून. थकबाकी धरायची नाही. लक्ष्य ६०० च राहील, कमी भरलं तर कमी लिहायचं.

यांना सांगितलं. "म्हणजे सूट घेतलीस," म्हणाले. वाटो.

३१ जानेवारी

महिना: अपेक्षित २६५, प्रत्यक्ष २०६. सा १० सेकंद.

२ फेब्रुवारी, वसंत पंचमी

तंबोऱ्यासह ३४ मिनिटं. स्थायी पाठ. आईंनी पिवळा भात केला.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईंकडे. स्थायी म्हणून दाखवली. सम आली, पण त्यांनी तिसऱ्याच आवर्तनात हात वर केला.

"काय गातेस?"

"भूप."

"हा देशकार आहे."

दोन्हींचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. मी खालून वर जाताना पंचमावर थांबत नव्हते, ध वर जाऊन बसत होते, आणि तिथेच जीव रमत होता. ताईंनी गंधार लावला आणि तिथून उठल्याच नाहीत. प पर्यंत गेल्या, ध ला नुसता स्पर्श, परत ग. अख्खी दोन आवर्तनं. मग मी. सात वेळा. चौथ्या वेळी ध वर पाऊण सेकंद रेंगाळले, तेवढ्यात त्यांनी मांडीवर थाप मारली.

"रियाजाला कधी बसतेस?"

"पहाटे. पावणेसहाला."

त्या हसायला लागल्या. "भूप रात्रीचा. देशकार सकाळचा. तुझा दोष नाही, सकाळच तुला ढकलते." मग म्हणाल्या, वेळ मैफलीला असते, रियाजाला नसते, खुशाल पहाटे भूप घोट.

सकाळ ढकलते की नाही ते माहीत नाही. पण वेळ निवडताना फक्त मिनिटं मोजली, त्या वेळी कुठला राग गातात हे पाहिलंच नाही. इस्टिमेटमध्ये माती कुठली आहे तो रकाना राहिला.

१० ते १६ फेब्रुवारी

पाच बैठका, ६२ मिनिटं. फक्त ग. घरातल्यांना वीट आला आहे.

२८ फेब्रुवारी

अपेक्षित २४०, प्रत्यक्ष २५१. पहिल्यांदा वर. सा १५ सेकंद, त्यातले १३ खरे. अंतरा बसतोय, पण दुसऱ्या ओळीत तेराव्या मात्रेला, "धा धा धिं धिं" सुरू होतं तिथे, मी घाई करते आणि समेच्या अर्धी मात्रा आधी पोचते.

५ मार्च

१२.

११ मार्च

९.

१४ मार्च, धुळवड

०. रंग.

२० मार्च

रात्री ९ ला ऑफिसातून. जिन्यात अंतरा गुणगुणले. धरला नाही.

२३ मार्च, रविवार

सुट्टीच्या दिवशी ऑफिस. १५ मिनिटं, रात्री साडेनऊला, आयुष्यात पहिल्यांदा भूप त्याच्या वेळेजवळ. ध वर एकदाही बसले नाही. एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही, नोंद म्हणून ठेवते.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली, कडुनिंब-गूळ खाल्ला. उद्या वर्षअखेर, ऑफिसात जायचं आहेच, पण दुपारी. सकाळी तंबोरा जुळवला (८ मिनिटं, न धरलेली) आणि २२ मिनिटं बसले.

मार्च: अपेक्षित ९५, प्रत्यक्ष ५८. एकूण ६०० पैकी ५१५, म्हणजे ८६ टक्के. साडेआठ तास आणि पाच मिनिटं. मुलीच्या भाषेत, सिरीजचे शेवटचे दोन भाग राहिले.

काम: स्थायी पूर्ण. अंतरा पहिली ओळ पूर्ण. दुसरी ओळ, तीन प्रयत्नांत दोनदा सम हुकली. अपूर्ण म्हणून लिहिलं.

ताईंना फोन करून आकडे वाचून दाखवले. त्यांना टक्क्यांत रस नव्हता. पुढची तिमाही सांगितली: एप्रिल ते जून, आमच्या खात्याचा टंचाईचा काळ, सहा वाजता टँकरचे फोन सुरू होतात. दिवसाला आठ मिनिटंच धरता येतील, आठवड्यात चार दिवस. साधारण सात तास. वेळ पहाटेचीच.

"पहाटेचीच असेल तर देशकार घे," ताई म्हणाल्या. "अवघड आहे, सगळा उत्तरांगात, वरच्या स्वरांत. तार सा लागतो का?"

"चार सेकंद."

"पुरे आहे सुरुवातीला. तसाही गळा तिकडेच पळतो तुझा."

"आणि भूप?"

"निवृत्त झालीस की. संध्याकाळी तुझ्या हातात येतील तेव्हा."

बाब क्र. ३: भूप, अंतरा, दुसरी ओळ. नियोजित सुरुवात: ३० नोव्हेंबर २०३५.